तीस सेकंदांची मुदत: रेड ५ मधून बाहेर पडलेल्या दोन डिस्कचं प्रकरण

लग्नसमारंभांच्या चित्रफिती संकलित करणारा एक छोटा स्टुडिओ आणि त्याचा सर्व्हर. डेबियन लिनक्स, ४ टेराबाइटच्या चार साटा डिस्क, त्यांवर एमडीएडीएमने (लिनक्सचं रेड सांभाळणारं साधन) बांधलेला रेड ५, म्हणजे अनेक डिस्क मिळून एक दिसणारा ॲरे, आणि वर ईएक्सटी४ ही फाइलसिस्टिम. चारही डिस्क साध्या डेस्कटॉप वर्गातल्या, दोन वेगवेगळ्या मॉडेलच्या. एक डिस्क तीन आठवड्यांपूर्वी ॲरेमधून बाहेर फेकली गेली होती. सूचनेचा ईमेल कुठेच जात नसल्याने ते कोणाला कळलं नाही. कळल्यावर पाचवी, नवी डिस्क लावून रिबिल्ड (गेलेल्या डिस्कचा डेटा बाकीच्यांवरून गणून नवीवर भरणं) सुरू केलं गेलं आणि ६१ टक्क्यांवर आणखी एक जुनी डिस्क बाहेर पडली. रेड ५ एका डिस्कचं जाणं सोसतो, दोनचं नाही. शेअर, म्हणजे सर्वांनी वापरायचं सामायिक फोल्डर, बंद पडला.

खालच्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन छोट्या अक्षरांत टाइप करायच्या. जिथे मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

काहीही बदलण्याआधीची पाहणी

अशा वेळी सगळ्यात घातक आज्ञा म्हणजे एमडीएडीएम --क्रिएट. ‘ॲरे पुन्हा त्याच डिस्कवर बनवला की डेटा दिसेल’ हा सल्ला बराच फिरतो. पण क्रिएट नवे सुपरब्लॉक (ॲरेच्या रचनेची प्रत्येक डिस्कवरची नोंद) लिहितं. डेटा कुठून सुरू होतो तो ऑफसेट आणि चंकचा (एका डिस्कवर सलग लिहिल्या जाणाऱ्या तुकड्याचा) आकार यांची मूळ मूल्यं एमडीएडीएमच्या आवृत्तीनुसार बदलत आली आहेत. जुन्या आवृत्त्यांत चंक ६४ किलोबाइट असायचा, आता ५१२ असतो. डिस्कचा क्रम किंवा यातला एक आकडा जरी चुकला तरी फाइलसिस्टिम दिसत नाही, आणि जुने सुपरब्लॉक तोवर पुसले गेलेले असतात. रिकव्हरी करणाऱ्याला हवा असलेला एकमेव नकाशाच त्यामुळे नाहीसा होतो. म्हणून इथे पहिल्या टप्प्यात फक्त वाचणाऱ्या आज्ञा चालवल्या, आणि प्रत्येकीचं उत्तर सर्व्हरबाहेरच्या पेनड्राइव्हवर साठवलं.

कॅट /प्रॉक/एमडीस्टॅट मध्ये [यू__यू] दिसत होतं: पहिली आणि चौथी जागा शाबूत, दुसरी आणि तिसरी रिकामी. पुढची आज्ञा

एलएसबीएलके -ओ नेम,साइझ,मॉडेल,सिरियल

ही अनेकजण वगळतात, आणि तिथेच चुकीची डिस्क उपटली जाते. एसडीए, एसडीबी ही नावं कायमची नसतात. केबल हलली किंवा यंत्र पुन्हा सुरू झालं की ती बदलू शकतात. सिरियल नंबर बदलत नाही. म्हणून प्रत्येक डिस्कच्या दर्शनी बाजूला सिरियलचे शेवटचे चार अंक लिहिलेली चिठ्ठी चिकटवली.

मग पाचही पार्टिशनवर एमडीएडीएम --एक्झामिन. या लांबलचक मजकुरातली ‘इव्हेंट्स’ ही ओळ निर्णायक असते. ॲरेची स्थिती बदलते तसा हा आकडा वाढत जातो. बाहेर फेकलेल्या डिस्कवर मात्र तो फेकली त्या क्षणाला गोठतो. इथे मिळालेले आकडे असे:

एसडीए१ आणि एसडीडी१: ४८२३१
एसडीबी१ (रिबिल्डच्या वेळी पडलेली): ४८२१७
एसडीसी१ (तीन आठवड्यांपूर्वी पडलेली): ४१९०६
एसडीई१ (नवी): ४८२३१, पण ‘रिकव्हरी ऑफसेट’ची नोंद असलेली, म्हणजे अर्धवट भरलेली

एसडीबी फक्त १४ नोंदींनी मागे आहे. ती पडण्याच्या आणि ॲरे थांबण्याच्या मधल्या काही क्षणांचाच हा फरक. एसडीसी मात्र तीन आठवड्यांचा शिळा माल आहे. सक्तीने जुळवायचा तर ॲरे एसडीए, एसडीबी आणि एसडीडी या तिघींवरच उभा राहू शकतो. एसडीबीऐवजी एसडीसी घेतली असती तरीही ॲरे सुरू झाला असता, कारण रेड ५ ला चारपैकी तीनच डिस्क लागतात. पण प्रत्येक पट्ट्यात (सगळ्या डिस्कवर आडव्या पसरलेल्या तुकड्यांच्या गटात) जुना आणि नवा डेटा मिसळला असता, आणि त्यावर चालवलेल्या एफएससीके या फाइलसिस्टिम दुरुस्त करणाऱ्या आज्ञेने उरलेली रचनाही ‘दुरुस्त’ करून टाकली असती.

डिस्क कशाने पडल्या

केबल, वीजपुरवठा, डिस्कचा पृष्ठभाग आणि वेळेचा मेळ असे चार संशयित होते. डीमेस्ग (लिनक्सच्या गाभ्याचा, म्हणजे कर्नलचा लॉग) आणि स्मार्टसीटीएल (डिस्कने स्वतः ठेवलेल्या तब्येतीच्या नोंदी) एकत्र वाचले की त्यांतले बहुतेक गळतात.

कर्नलच्या लॉगमध्ये दोन्ही डिस्कच्या बाबतीत एकच क्रम होता: वाचनाची आज्ञा, त्यावर ‘टाइमआउट’ आणि ‘फ्रोझन’, मग ‘हार्ड रिसेटिंग लिंक’, मग लिंकचा वेग ६ वरून ३ आणि ३ वरून १.५ गिगाबिटवर, आणि शेवटी डिस्क ‘डिसेबल्ड’. सेक्टर वाचता आला नाही असं डिस्कने स्वतः कळवलं असतं, तर ‘यूएनसी’ ही खूण दिसली असती. ती नव्हती. डिस्कने उत्तरच दिलं नव्हतं.

स्मार्टसीटीएल -एक्स /डेव्ह/एसडीबी ने दाखवलेले आकडे: गुणधर्म ५, म्हणजे बदलून टाकलेले सेक्टर, शून्य. गुणधर्म १९७, म्हणजे वाचता न आल्यामुळे प्रलंबित ठेवलेले सेक्टर, ८. गुणधर्म १९९, म्हणजे केबलवरच्या सीआरसी चुका, शून्य. शेवटच्या आकड्याने केबल जवळपास निर्दोष ठरली. एसडीसीचंही चित्र तसंच, फक्त १९७ वर १६. या डिस्कचा भौतिक सेक्टर ४०९६ बाइटचा आणि मोजणी ५१२ बाइटच्या तुकड्यांत. त्यामुळे ८ म्हणजे एकच खराब जागा आणि १६ म्हणजे दोन. ४ टेराबाइटच्या डिस्कवर ५१२ बाइटचे ७८१,४०,३७,१६८ सेक्टर असतात. त्यांतल्या एका ठिकाणच्या अडखळण्याने संपूर्ण डिस्क बाद ठरली होती.

त्याचं कारण एससीटीईआरसी, म्हणजे डिस्कची स्वतःची प्रयत्नांची मुदत, विचारणाऱ्या पुढच्या आज्ञेत सापडलं:

स्मार्टसीटीएल -एल एससीटीईआरसी /डेव्ह/एसडीबी

एसडीए आणि एसडीबी या एका मॉडेलच्या. त्यांचं उत्तर ‘नॉट सपोर्टेड’. एसडीसी आणि एसडीडी दुसऱ्या मॉडेलच्या; तिथे सोय होती, पण ‘डिसेबल्ड’. नव्या, नेटवर्क स्टोरेजसाठी बनवलेल्या एसडीईवर मात्र ‘७० (७.० सेकंद)’ असं वाचन आणि लेखन या दोन्हींसाठी आधीच लावलेलं होतं.

एखादा सेक्टर वाचता येत नसेल, तर डिस्क किती वेळ झटापट करत राहणार, हे हा आकडा ठरवतो. डेस्कटॉप डिस्क एकटीच असते, तिच्या डेटाची दुसरी प्रत नसते, म्हणून ती चिकाटीने दोन मिनिटं किंवा त्याहूनही जास्त वेळ पुन्हापुन्हा वाचत राहते, आणि एकट्या डिस्कसाठी ते योग्यच आहे. दुसऱ्या टोकाला लिनक्स कर्नल अशा आज्ञेच्या उत्तरासाठी ३० सेकंद थांबतो. ही मुदत /सिस/ब्लॉक/एसडीबी/डिव्हाइस/टाइमआउट या फाइलमध्ये असते. मुदत संपली की कर्नल लिंक रिसेट करू लागतो, पण आतल्या झटापटीत गुंतलेली डिस्क रिसेटलाही दाद देत नाही.

एरवी रेड ५ मध्ये खराब सेक्टर ही किरकोळ घटना असते. डिस्कने ७ सेकंदांत ‘जमत नाही’ असं कळवलं की एमडी ड्रायव्हर (कर्नलमधला रेड चालवणारा भाग) बाकीच्या डिस्कवरून तो डेटा पुन्हा गणतो आणि त्याच जागी परत लिहितो. लिहिताना डिस्क ती जागा एकतर ठाकठीक करते किंवा राखीव सेक्टर वापरते. १९७ चा आकडा खाली येतो आणि वापरणाऱ्याला काही कळतही नाही. मुदतींचा मेळ नसला तर हेच परत लिहिणं मुकाट बसलेल्या डिस्कवर जाऊन आदळतं आणि अयशस्वी ठरतं. एमडी वाचनातली चूक सोसतो. लेखनातली चूक मात्र तो डिस्कचं मरण समजतो आणि तिला बाहेर काढतो.

एसडीसी अशीच गेली. योग्य मुदती लावलेल्या असत्या तर ती आपसूक सावरली असती. एसडीबीच्या वेळी ॲरे आधीच एका पायावर होता, तिचा डेटा दुसरीकडून गणायची सोय उरली नव्हती. तरीही कर्नल पुरेसा थांबला असता, तर डिस्कने सेक्टर वाचून दिला असता किंवा रीतसर चूक कळवली असती, आणि बॅड ब्लॉकची यादी असलेल्या ॲरेत तेवढी जागा नोंदवून रिबिल्ड पुढे गेलं असतं.

एसडीबीवरची खराब जागा इतके दिवस दडून का राहिली, याचंही उत्तर मिळालं. डेबियन दर महिन्याच्या पहिल्या रविवारी संपूर्ण ॲरे वाचून तपासतो. ‘रविवारी सर्व्हर हळू चालतो’ म्हणून ती तपासणी इथे बंद केली होती. जुन्या प्रकल्पांच्या फायली महिनोन् महिने कोणी उघडत नाही, आणि मग त्या जागा पहिल्यांदा वाचल्या जातात त्या थेट रिबिल्डमध्ये, म्हणजे नेमकं आधार नसताना.

आधी डेटा, मग ॲरे

इथून पुढे एक गोष्ट उलटी करावी लागते आणि तिचा विसर पडतो. धडधाकट ॲरेत डिस्कने लवकर हार मानावी असं आपल्याला वाटतं. वाचवताना मात्र एसडीबीवरचा डेटा ही शेवटची प्रत आहे, तेव्हा तिने शक्य तितका वेळ झुंजावं आणि कर्नलनेही वाट पाहावी. म्हणून

एको १८० > /सिस/ब्लॉक/एसडीबी/डिव्हाइस/टाइमआउट

ही मुदत सगळ्या डिस्कना लावली. डिस्कच्या आतली मुदत, म्हणजे एससीटीईआरसी, इथे चालू करायची नाही. जिथे आधीच चालू असेल तिथे ०,० देऊन ती बंद करायची.

एमडीएडीएम --स्टॉप /डेव्ह/एमडी० ने ॲरे थांबवला आणि एसडीबीची संपूर्ण नक्कल एसडीईवर घेतली. एसडीईवर अर्धवट रिबिल्डचा डेटा होता, तो पुसायला हरकत नव्हती: जे काही तिच्यावर लिहिलं गेलं होतं ते बाकीच्या तीन डिस्कवरूनच गणलेलं होतं. दोन्ही डिस्कचे आकार ब्लॉकडेव्ह --गेटसाइझ६४ ने जुळवून पाहिले. दोन्हीकडे ४०,००,७८,७०,३०,०१६ बाइट. नवी डिस्क एका सेक्टरने जरी लहान असती तरी शेवटाकडची जीपीटीची (पार्टिशनच्या तक्त्याची) राखीव प्रत कापली गेली असती.

डीडीरेस्क्यू -एफ -एन /डेव्ह/एसडीबी /डेव्ह/एसडीई एसडीबी.मॅप
डीडीरेस्क्यू -एफ -डी -आर३ /डेव्ह/एसडीबी /डेव्ह/एसडीई एसडीबी.मॅप

इथला एफ छोटा. मोठ्या एफचा अर्थ पूर्ण वेगळा आहे, तो पुढे येतोच. आधी मूळ डिस्क, मग नवी, हा क्रम टाइप करण्यापूर्वी चिठ्ठीवरच्या सिरियलशी ताडून घ्यायचा. उलटा पडला तर परतीची वाट नाही. मॅप फाइल (काय वाचलं आणि काय राहिलं याची नोंद) या पाच डिस्कपैकी कुठल्याही डिस्कवर ठेवायची नाही. पहिली फेरी अडखळणारे भाग सोडून भराभर पुढे जाते. सरासरी १३० मेगाबाइट प्रतिसेकंद धरले तर ४ टेराबाइटला साधारण साडेआठ तास लागतात. दुसरी फेरी फक्त उरलेल्या भागांवर तीन वेळा प्रयत्न करते. शेवटी ४०९६ बाइट उरले, ते वाचता आले नाहीत.

ते ४०९६ बाइट कोणत्या फाइलचे? रेड ५ च्या पट्ट्यांतून हातांनी हिशेब करत जाणं शक्य आहे, पण चुकायला फार वाव असतो. त्यापेक्षा डीडीरेस्क्यूचा --फिल-मोड (हाच तो मोठा एफ) चांगला: न वाचलेल्या जागांवर, फक्त नकलेवर, एरवी कुठेही न येणारा खुणेचा मजकूर भरायचा. पुढे माउंट केल्यावर ग्रेप -आरएल ने तो मजकूर शोधला की फाइल सापडते. चार डिस्कच्या रेड ५ मध्ये प्रत्येक डिस्कचा चौथा भाग पॅरिटीचा (हरवलेला डेटा गणण्यासाठीच्या जोड-माहितीचा) असतो. खराब जागा तिथे किंवा मोकळ्या भागात पडली असेल तर ग्रेपला काहीच मिळत नाही.

यानंतर यंत्र बंद करून मूळ एसडीबी बाहेर काढली. ही पायरी चुकवू नये. नकलेवर आणि मूळ डिस्कवर एकच ओळख, एकच जागा नोंदलेली असते. दोन्ही एकाच वेळी जोडलेल्या असतील तर एमडीएडीएम कोणती उचलेल याचा भरवसा नाही. पुन्हा सुरू झाल्यावर एमडी१२७ नावाचा अर्धवट ॲरे आपोआप उभा राहिला, तोही --स्टॉपने थांबवला. डिस्कची नावं या टप्प्यावर सरकली, पण वाचायला सोपं जावं म्हणून इथे जुनीच ठेवली आहेत.

--असेंबल --फोर्स मागे पडलेल्या डिस्कच्या सुपरब्लॉकमध्ये इव्हेंटचा आकडा बदलतं, म्हणजे लिहितं. म्हणून ते थेट डिस्कवर न चालवता त्यांच्यावर आच्छादन घालून चालवलं. प्रत्येक पार्टिशनसाठी ट्रंकेट -एस ५०जी ने एक विरळ फाइल (लिहिलं तेवढीच जागा घेणारी), लॉससेटअपने तिचं लूप डिव्हाइस (फाइलला डिस्कसारखं दाखवणारं), आणि डीएमसेटअपचा स्नॅपशॉट. स्नॅपशॉटच्या ओळीत क्रमाने शून्य, ब्लॉकडेव्ह --गेटएसझेड ने मिळालेला आकार, ‘स्नॅपशॉट’ हा शब्द, मूळ पार्टिशन, लूप डिव्हाइस, मोठा पी आणि ८. यानंतरचं सगळं लिखाण त्या विरळ फाइलींत जातं आणि डिस्क जशाच्या तशा राहतात. जुळणी फसली तर आच्छादन फेकून पुन्हा सुरुवात करता येते.

आच्छादित एसडीए१, एसडीई१ (आता एसडीबीची नक्कल) आणि एसडीडी१ देऊन ॲरे जुळवला. एमडीस्टॅटमध्ये [यूयू_यू]. ई२एफएससीके -एफएन ने, काहीही न बदलता, तपासल्यावर किरकोळ तक्रारी आल्या. मग माउंट -ओ आरओ,नोलोड. ग्रेपला खूण एकाच व्हिडिओ फाइलमध्ये मिळाली, आणि तिची मूळ प्रत कॅमेऱ्याच्या कार्डवर शिल्लक होती. बाकी सगळे चालू प्रकल्प या वाचनमात्र अवस्थेतूनच बाहेरच्या डिस्कवर कॉपी केले, आणि मगच आच्छादन काढून तीच जुळणी खऱ्या डिस्कवर केली.

नव्या मुदती आणि रिबिल्ड

नवी चौथी डिस्क जोडण्याआधी मुदती बसवल्या. एससीटीईआरसी मानणाऱ्या डिस्कना

स्मार्टसीटीएल -एल एससीटीईआरसी,७०,७० /डेव्ह/एसडीडी

आकडा सेकंदाच्या दहाव्या भागात असतो. ७० म्हणजे ७ सेकंद, आणि ७ लिहिलं तर ०.७ सेकंद. न मानणाऱ्या एसडीएला कर्नलची १८० सेकंदांची मुदतच ठेवली. ॲरे अजून तिघींवरच असल्याने रिबिल्ड पुरा होईपर्यंत कर्नलची मोठी मुदत सगळ्यांनाच राहू दिली.

बहुतेक डिस्क वीज गेली की एससीटीईआरसीचं मूल्य विसरतात, आणि /सिस मधलं मूल्य तर प्रत्येक बूटला ३० वर परत येतं. म्हणून बूटच्या वेळी चालणारी एक छोटी स्क्रिप्ट केली: प्रत्येक डिस्कला ७०,७० देऊन पाहायचं, मग मूल्य परत वाचायचं, आणि ते लागलेलं दिसलं नाही तर टाइमआउट १८० करायचा. परत वाचून खात्री करणं मला महत्त्वाचं वाटतं, कारण काही डिस्क आज्ञा स्वीकारल्याचं दाखवतात आणि मूल्य बदलत नाहीत. स्मार्टडीच्या (डिस्कच्या नोंदींवर लक्ष ठेवणाऱ्या सेवेच्या) सेटिंग फाइलमध्येही -एल एससीटीईआरसी,७०,७० देता येतं, पण सोय नसलेल्या डिस्कसाठी स्क्रिप्ट लागतेच.

पार्टिशनची रचना एसजीडिस्कने उतरवली. इथे एक जुनी खाच आहे: मोठ्या आर पर्यायाला लागून येते ती नवी, रिकामी डिस्क, आणि ओळीच्या शेवटी येते ती जिच्यावरून रचना घ्यायची ती. उलट लिहिलं की चांगल्या डिस्कवर रिकामी रचना बसते. मग मोठ्या जी ने नव्या डिस्कला स्वतंत्र ओळखक्रमांक दिला, एमडीएडीएम --ॲड केलं, आणि साधारण साडेनऊ तासांत [यूयूयूयू].

नवी डिस्क घेताना एसएमआर प्रकार (एकमेकांवर अंशतः चढलेल्या मार्गांवर लिहिणारा) टाळला. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या नेटवर्क स्टोरेजसाठीच्या रेड मालिकेतल्या काही मॉडेलांत हे तंत्र असल्याचं उघड झालं. त्यामुळे ‘एनएएस’ हे लेबल पुरेसं नाही, मॉडेल क्रमांक कंपनीच्या यादीत पाहावा. रिबिल्डसारख्या सलग, अखंड लेखनात अशा डिस्क खूप मंदावतात. फिरत्या डिस्कवर एचडीपार्मच्या मोठ्या आय पर्यायात ‘ट्रिम’ दिसला तर शंका घ्यावी.

बाजूला काढलेल्या दोन डिस्कवर बॅडब्लॉक्स -डब्ल्यूएसव्ही ने पूर्ण लेखन-वाचन केलं. एसडीसीवर १९७ शून्यावर आला आणि ५ शून्यच राहिला, म्हणजे पृष्ठभाग ठीक होता. ती दुय्यम बॅकअपसाठी ठेवली. एसडीबीवर ५ चा आकडा वाढला. तिला निवृत्त केलं.

एसडीए अजून आतच होती, एससीटीईआरसीची सोय नसलेली. तिला काढून मग नवी लावणं म्हणजे पुन्हा काही तास आधाराविना काढणं. त्याऐवजी जादा डिस्क आधी ॲरेला जोडून

एमडीएडीएम /डेव्ह/एमडी० --रिप्लेस /डेव्ह/एसडीए१ --विथ /डेव्ह/एसडीएफ१

असं केलं. यात जुनी डिस्क कॉपी पूर्ण होईपर्यंत कामातच राहते. तिच्यावर एखादा सेक्टर अडला तर तेवढा बाकीच्या डिस्कवरून गणला जातो. एसडीसीच्या वेळी स्टुडिओने हाच क्रम पाळायला हवा होता, पण त्यासाठी ती पडण्याआधी १९७ वाढल्याचं कळावं लागतं. ते कळवण्यासाठी एमडीएडीएमच्या सेटिंगमध्ये मेलॲडर (सूचनेचा ईमेल पत्ता) भरला आणि एमडीएडीएम --मॉनिटर --स्कॅन --वनशॉट --टेस्ट ने चाचणीचा ईमेल खरंच पोचतो हे पाहिलं. स्मार्टडीला आठवड्यातून एकदा लांब चाचणीचं वेळापत्रक दिलं.

मासिक तपासणी पुन्हा चालू केली, आणि संकलनाच्या वेळी सर्व्हर अडू नये म्हणून /प्रॉक/सिस/डेव्ह/रेड/स्पीड_लिमिट_मॅक्स मूळच्या २,००,००० वरून ८०,००० किलोबाइट प्रतिसेकंदावर आणलं. तपासणी लांबते, पण बंद पडत नाही. पहिली तपासणी सिंक_ॲक्शनमध्ये ‘चेक’ लिहून हातांनीच सुरू केली. ती संपल्यावर मिसमॅच_सीएनटी (न जुळलेल्या जागांची मोजणी) शून्य होतं, आणि चारही डिस्कवर गुणधर्म १९७ शून्य.